वास ठीक आहे, पण बाहेर किती वेळ होतं?

रात्री फ्रिजमध्ये टाकायचं राहून गेलेलं पातेलं सकाळी ओट्यावर दिसतं. कोणीतरी झाकण उचलून वास घेतं. वास ठीक. बोटावर घेऊन चाखलं जातं. चवही ठीक. मग निकाल लागतो: ‘एक उकळी आण, काही होत नाही.’

या निकालामागे दोन साक्षीदार आहेत, नाक आणि उकळी. दोघंही प्रामाणिक आहेत. फक्त जे त्यांनी पाहिलेलंच नाही, त्याबद्दल त्यांना विचारलं जातंय.

आधी नाकाचं बघू. अन्न नासवणारे जिवाणू आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू ही बहुतांशी दोन वेगळी मंडळी. नासवणारे गाजावाजा करत येतात: आंबूस वास, बुळबुळीत थर, फेस, तार. त्यांतले कित्येक आपल्या पोटाला फारसं काही करत नाहीत. आजारी पाडणारे मात्र गुपचूप वाढतात. साल्मोनेला, स्टॅफिलोकॉकस, बॅसिलस सिरियस यांची संख्या आजारी पाडण्याइतकी झाली तरी अन्नाचा रंग, वास आणि चव जशीच्या तशी राहू शकते. म्हणून वास येतोय तर टाकून द्या, हे बरोबर. वास येत नाही म्हणून खा, हे मात्र त्यातून निघत नाही. चाखून बघणं तर त्याहून वाईट, कारण काही विषं, उदाहरणार्थ बॉट्युलिनम नावाच्या जिवाणूचं विष, एवढ्याशा चवीतूनही जिवावर बेतू शकतात.

मग विचारायचं कोणाला? घड्याळाला. आणि त्याच्या जोडीला थर्मामीटरला.

जिवाणू दोनाचे चार, चाराचे आठ असे वाढतात. ऊबदार, ओलसर आणि पोषक जागा मिळाली, तर काही जिवाणूंची संख्या साधारण २० मिनिटांत दुप्पट होते. कागदावर मांडून बघा. एकच पेशी घेतली तर तासाभरात ८, दोन तासांत ६४, चार तासांत ४,०९६, आणि रात्रभराच्या आठ तासांत १ कोटी ६७ लाखांवर. प्रत्यक्षात एवढं सरळ गणित नसतं. नव्या जागी आल्यावर जिवाणूंना रुळायला थोडा वेळ लागतो, त्या वेळात संख्या फारशी वाढत नाही. खोलीच्या तापमानाला दुप्पट होण्याचा वेगही कमी असतो. पण या हिशेबातून एक गोष्ट दिसते, ती म्हणजे पहिल्या दोन तासांत जवळपास काहीच घडत नाही आणि शेवटच्या दोन तासांत जवळपास सगळं घडतं. ‘दोन तास चालतं, मग आठ तासांनी असा काय फरक पडणार?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आठ तास म्हणजे दोन तासांच्या चौपट धोका नव्हे.

हे सगळं ढोबळमानाने ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये चालतं. पाचाच्या खाली बहुतेक जिवाणू मंदावतात. मरत नाहीत, हे लक्षात ठेवा. लिस्टेरिया तर फ्रिजमध्येही हळूहळू वाढतो. साठाच्या वर वाढ थांबते. म्हणजे अन्न एकतर गरम ठेवायचं, वाफाळतं गरम, नाहीतर गार ठेवायचं. मधली कोमट अवस्था हीच अडचणीची.

जागतिक आरोग्य संघटना शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका असं सांगते. अमेरिकेचं कृषी खातंही दोनच तास म्हणतं, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर एकच तास. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाद्यव्यवसायांसाठीचा नियम मला जास्त समजूतदार वाटतो. दोन तासांच्या आत असेल तर खा किंवा परत फ्रिजमध्ये ठेवा. दोन ते चार तास झाले असतील तर आत्ता खाऊन टाका, परत ठेवू नका. चार तास उलटले तर टाकून द्या. यात एक साधं सत्य मान्य केलंय: दोन तास आणि पाच मिनिटं झाली की अन्नाचं विष होत नाही. नियम सगळ्यांसाठी एकच करायचा म्हणून रेषा कुठेतरी ओढावी लागते आणि ती सावध बाजूला ओढलेली असते.

या हिशेबात एक ठोकर बऱ्याच जणांना लागते. वेळ एकत्र मोजायचा असतो. दुपारी जेवताना पाऊण तास बाहेर, संध्याकाळी पाहुण्यांसाठी काढलं तेव्हा एक तास, रात्री परत अर्धा तास, हे सगळं मिळून सव्वादोन तास. फ्रिजमध्ये गेल्यावर घड्याळ थांबतं, पण मागे जात नाही.

आता उकळीकडे वळू. हा साक्षीदार जास्त फसवतो, कारण त्याच्यावर आपला विश्वास जास्त असतो.

काही जिवाणू संकट आलं की स्वतःभोवती टणक कवच करून झोपी जातात. या सुप्त रूपाला बीजाणू म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी १८७६ साली या बीजाणूंचं वर्णन केलं. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये जॉन टिंडल वैतागले होते, कारण वाळक्या गवताचा काढा कितीही उकळला तरी काही दिवसांनी तो परत गढूळ होई. त्यांनी शोधलेला उपाय गमतीदार होता. एकदा उकळायचं, मध्ये वेळ जाऊ द्यायचा, उठलेले बीजाणू जिवंत पेशी झाल्या की परत उकळायचं, आणि हे पुन्हा करायचं. त्यात आजच्या आपल्या पातेल्याची गोष्टही आहे. पहिल्या उकळीत जिवंत पेशी मरतात आणि बीजाणू उरतात. उष्णतेच्या धक्क्याने त्यांतले काही जागे होण्याच्या तयारीला लागतात. अन्न कोमट झालं की त्यांना ओल, ऊब आणि खाणं तयार मिळतं, आणि स्पर्धा करणारे बाकीचे जिवाणू आपणच उकळून मारलेले असतात. शिजवलेलं अन्न कच्च्याहून सुरक्षित असतं, पण फक्त गरम असेपर्यंत.

कोरड्या तांदळात बॅसिलस सिरियसचे बीजाणू वर्षभर पडून राहिले तरी काही होत नाही. भात झाला की पाणी मिळतं. भात बाहेर राहिला की वेळ मिळतो. १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये उलट्यांचे बरेच प्रकार नोंदले गेले आणि त्यांचा माग भातापर्यंत गेला. भात आधीच मोठ्या प्रमाणात उकडून खोलीच्या तापमानाला ठेवायचा आणि मागणी आली की परतायचा, अशी तिथल्या उपाहारगृहांची पद्धत होती. परतताना कढई सणसणीत तापलेली असायची, तरी उपयोग होत नव्हता. कारण या जिवाणूने अन्नात सोडलेलं सेरुलाइड हे विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. घरातली साधी उकळी तिथवर पोचत नाही. जिवाणू मेला, पण त्याने आधीच टाकून ठेवलेलं विष ताटात आलं.

२००८ साली ब्रुसेल्समध्ये २० वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पाच दिवसांपूर्वी केलेली आणि स्वयंपाकघरात तशीच बाहेर राहिलेली स्पॅगेटी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाल्ली. अर्ध्या तासात पोटात दुखायला लागलं, मग तासन्‌तास उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तो अंथरुणात मृतावस्थेत सापडला. शवविच्छेदनात यकृताला इजा झालेली आढळली. हा प्रकार फार विरळा आहे. बहुतेकांना या विषाने काही तास उलट्या होतात आणि उतार पडतो. तरी गोष्ट सांगितली, कारण ‘गरम करून खाल्लं’ हा भाग तिच्यात आहे.

स्टॅफिलोकॉकसचंही तसंच. हा निरोगी माणसांच्याही नाकात आणि कातडीवर असतो. शिजल्यानंतर हात लागला, म्हणजे मांस सोडवलं, कोशिंबीर कालवली, सँडविच भरलं, की तो अन्नात उतरतो. पुरेसा वाढला की विष सोडतो आणि ते विषही उकळीला दाद देत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून आठ तासांपर्यंत कधीही उलट्या सुरू होतात. ट्यूना, बांगडा यांसारखे मासे ऊबेत राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, तेही शिजवून जात नाही. तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, आणि माणसाला वाटतं माशाची ॲलर्जी आहे.

प्रत्येक वेळी उकळी हरते असं मात्र नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स मोठ्या पातेल्यातल्या रश्श्यात, मांसाच्या जाड तुकड्यांत, समारंभाच्या स्वयंपाकात आढळतो. ४३ ते ४६ अंशांवर हा दहा मिनिटांच्या आत दुप्पट होऊ शकतो, आणि सावकाश निवणारं मोठं पातेलं नेमकं त्याच तापमानात रेंगाळतं. पण याचं विष मुख्यतः आपल्या आतड्यात तयार होतं. म्हणजे खाण्याआधी अन्न आतपर्यंत ७५ अंशांना तापवलं तर पेशी मरतात आणि धोका बराच टळतो. साल्मोनेलाही असाच मरतो. बॉट्युलिनमचं विषसुद्धा उकळल्याने नष्ट होतं, त्याचे बीजाणू तेवढे राहतात. तर उकळीवर काही जिवाणू मरतात, काही विषंही जातात, आणि काही मुळीच जात नाहीत. तुमच्या पातेल्यात यांतलं कोण आहे हे घरी कळायला काही मार्ग नसतो. म्हणून वेळ उलटलेल्या अन्नावर उकळी हा उपाय धरायचा नाही. वेळेत फ्रिजमध्ये गेलेलं शिळं अन्न चांगलं तापवून खायचं, तिथे ती कामाची.

मग पावाची लादी, मधाची बाटली, जॅम हे दिवसचे दिवस बाहेर कसे राहतात? दोन गोष्टींमुळे. पहिली, जिवाणूंना वापरता येईल असं मोकळं पाणी. हे मोजायचं एक प्रमाण आहे, शुद्ध पाणी १ आणि पूर्ण कोरडं ०. सर्वसाधारणपणे ०.८५च्या खाली आजारी पाडणारे जिवाणू वाढून विष करू शकत नाहीत. मध ०.६च्या आसपास असतो. त्यात पाणी आहे, पण साखरेने ते धरून ठेवलेलं असतं. दुसरी गोष्ट आंबटपणा. सामू (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.६च्या खाली असेल तर बॉट्युलिनमचे बीजाणू उगवू शकत नाहीत, आणि बाकीच्यांनाही तिथे कठीण जातं. व्हिनेगरमधल्या भाज्या आणि टोमॅटो केचप यामुळे टिकतात. पाव या मोजमापात तसा ओला असतो, पण त्याचं बाहेरचं कवच कोरडं असतं आणि त्यावर आधी बुरशी येते, जी दिसते. टणक चीज आणि खारवलेलं लोणी एखाद-दुसरा दिवस बाहेर राहिलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

याच दोन कसोट्या लावल्या की काही अनपेक्षित उत्तरं मिळतात. अख्खं कलिंगड आठवडाभर बाहेर चालतं, कापलेलं चालत नाही, कारण त्याचा गर गोड असला तरी आंबट नसतो आणि सुरी सालीवरचे जिवाणू आत घेऊन जाते. बंद खोक्यातलं दीर्घकाळ टिकणारं दूध महिनोन्‌महिने कपाटात राहतं, पण खोकं फोडलं त्या क्षणापासून ते साधं दूध. ‘मीठ आहे की त्यात’ हा युक्तिवादही चालत नाही. चवीपुरतं मीठ अन्न टिकवत नाही, त्यासाठी तोंडात घालवणार नाही इतकं मीठ लागतं, आणि स्टॅफिलोकॉकस तर बऱ्याच खारट गोष्टींतही तग धरतो.

तेलाचं सगळ्यांत फसवं. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि बॉट्युलिनमला नेमकी बिनहवेची जागा लागते. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलात घालून फ्रिजबाहेर ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे एका उपाहारगृहात जेवलेले ३६ जण आजारी पडले. १९९४ साली टेक्सासमधल्या एल पासोत ३० जणांना असाच त्रास झाला. तिथे ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये भाजलेले बटाटे त्या फॉइलसकट काही दिवस बाहेर राहिले होते आणि मग त्यांचं तोंडीलावणं केलं गेलं. भाजताना बीजाणू मेले नाहीत आणि फॉइलने हवा अडवली. भाजलेला बटाटा ठेवायचा असेल तर फॉइल सोडून ठेवा.

अंड्यांबद्दल दोन देश दोन गोष्टी सांगतात आणि दोन्ही बरोबर असतात. अमेरिकेत विक्रीची अंडी धुतली जातात. त्यात कवचावरचं नैसर्गिक आवरण निघून जातं, म्हणून ती गार ठेवणं भाग असतं. युरोपात ती सहसा धुवत नाहीत आणि दुकानात बाहेरच ठेवतात. एकदा फ्रिजमध्ये ठेवलेलं अंडं मात्र परत बाहेर ठेवू नये. त्याला घाम फुटतो आणि त्या ओलीतून जिवाणू कवचाच्या छिद्रांतून आत जाऊ शकतात.

बऱ्याच घरांत अन्न बाहेर राहण्याचं कारण विसराळूपणा नसून एक समजूत असते: गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, आधी पूर्ण निवू द्यायचं. बर्फाच्या लाद्या घालून चालणाऱ्या जुन्या पेट्यांच्या काळात ते बरोबर होतं, गरम भांड्याने बर्फ वितळायचा. आजचा फ्रिज तेवढं सोसतो. उकळतं अख्खं पातेलं आत ठेवू नका हे खरं, पण पातेलं ओट्यावर चार तास निवत ठेवणं हा त्याला पर्याय नाही. अन्न उथळ भांड्यांत काढा, थर पाच सेंटिमीटरच्या आत ठेवा. घट्ट पदार्थात थराची जाडी दुप्पट केली तर मध्यापर्यंत गार व्हायला साधारण चौपट वेळ लागतो, म्हणून भांडं बदलण्यानेच निम्मं काम होतं. घाई असेल तर भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा. अमेरिकेच्या अन्नसंहितेत व्यावसायिक स्वयंपाकघरांना दोन टप्पे दिलेत: ५७ अंशांवरून २१ पर्यंत दोन तासांत, आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत. पहिला टप्पा घाईचा आहे, कारण परफ्रिंजन्सचा आवडता पट्टा त्यातच येतो.

वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास गार राहतो, भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४. फ्रीझरमधल्या वस्तूत बर्फाचे कण शिल्लक असतील तर ती परत गोठवता येते. पोत बिघडेल, धोका नाही.

‘आम्ही तर नेहमी खातो, कधी काही झालं नाही.’ यात तथ्य आहे. रात्रभर बाहेर राहिलेलं प्रत्येक पातेलं आजारी पाडत नाही. त्यात कुठले बीजाणू होते, किती होते, खोली किती गरम होती, सगळं जुळून यावं लागतं. पण ‘काही झालं नाही’ हे आपण नीट तपासलेलं नसतं. परफ्रिंजन्सचा त्रास ६ ते २४ तासांनी होतो, साल्मोनेलाचा ६ तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही. बुधवारी पोट बिघडलं तर दोष बुधवारच्या जेवणाला जातो, सोमवारचा भात सुटतो. शिवाय घरात तान्हं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण असेल, तर धडधाकट माणसाच्या अनुभवावरून त्यांच्यासाठी निकाल देता येत नाही.

आणि खाऊन झालंय, आता आठवलं, असं असेल तर घाबरून उलटी काढायला जाऊ नका. बहुधा काही होणार नाही. झालंच तर मीठ-साखर-पाण्याचं द्रावण घोटघोट घ्या. शौचातून रक्त, ३९ अंशांवर ताप, पाणीही न टिकणं, तीन दिवसांपेक्षा जास्त चाललेले जुलाब, यांसाठी डॉक्टर गाठा. दृष्टी दुहेरी होणं, पापण्या जड पडणं, बोलताना जीभ अडखळणं ही बॉट्युलिनमची लक्षणं असू शकतात, त्यात एक तासही थांबू नका.

माझ्या घरातला हिशेब असा आहे. भात, मांस, मासे, अंड्याचे पदार्थ, शिजवलेली कडधान्यं, दूध आणि दुधाचे पदार्थ रात्रभर बाहेर राहिले की सरळ टाकतो, वास न घेता. मुद्दाम वास घेत नाही, कारण चांगला वास आला की हात आखडतो. तीन तास राहिलं असेल तर तेव्हाच तापवून संपवतो, नाही संपलं तर उरलेलं जातं. पाव, बिस्किटं, जॅम, अख्खी फळं यांचा विचारच करत नाही. थंडीत स्वयंपाकघर इतकं गारठतं की रात्रभर बाहेर ठेवलं तरी चालेल, असं कधी वाटतं. तेव्हा पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून बघतो. माणसाला कुडकुडायला लावणारं १२ अंशांचं तापमान जिवाणूला पुरेसं ऊबदार असतं. आणि किती वाजता बाहेर काढलं हे घरात कोणालाच सांगता येत नसेल, तर ते चार तासांच्या पलीकडचं धरतो.